मामीचा दहा सेंटिमीटरचा चौरस

माझ्या मामाचं फोटो फ्रेम करण्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतीवर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने टांगलेले, मधे लांबलचक टेबल आणि टेबलापलीकडे मामा. एकतीस वर्षं तो तिथे उभा आहे. मामी घरचं आवरून दुपारी यायची, काचा पुसायची, फ्रेमच्या पाठीमागे खळीने कागद चिकटवायची. गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही तिचंच, कारण मामा बोलायला लागला की गिऱ्हाईक हमखास दुसरं दुकान शोधायचं.

गल्लीत त्याला 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. मामा कुणाच्याही घरी गेला की चप्पल काढायच्या आधी त्यांचं कॅलेंडर सरळ करायचा. एकदा दवाखान्यात, ताप मोजायला थर्मामीटर तोंडात असताना, उठून डॉक्टरांचं सर्टिफिकेट नीट लावून आला होता.

फ्रेमच्या चार पट्ट्या जोडून झाल्या की तो एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणायचा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही वेळा दोरा सारखाच भरला तर फ्रेम गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. नाहीतर पुन्हा सगळं सोडवायचं. पण फोटो आणि फ्रेम यांच्या मधे जाड पुठ्ठ्याचा माउंट असतो, त्यात फोटोपुरती खिडकी कापलेली असते. ती खिडकी मात्र तो नुसत्या नजरेने आखायचा. पट्टी ठेवली, पेन्सिल फिरवली, झालं. "दोरा लाकडासाठी. पुठ्ठ्याला डोळा पुरतो," म्हणायचा. आणि खरंच पुरायचा.

गेल्या वर्षी एक दिवस कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई त्यांच्या आईवडिलांचा फोटो परत घेऊन आल्या. आठवड्यापूर्वीच फ्रेम करून नेला होता.

"फोटो छान झालाय हो," त्या संकोचून म्हणाल्या, "पण वडील जरा उतारावर उभे असल्यासारखे वाटतात."

मामाने फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "काही वाकडं नाही. तुमची भिंत वाकडी असेल."

बाई फ्रेम घेऊन गेल्या. मामी काच पुसत होती. बाई वळताना तिने फ्रेमकडे बघितलं होतं. माउंटची खिडकी डावीकडे चांगली अर्ध्या बोटाने खाली उतरली होती. ते बघायला ओळंब्याची बायको असायची काही गरज नव्हती.

नंतर आणखी दोन फ्रेमा परत आल्या. एकदा मामाने पुठ्ठेवाल्याला दोष दिला, एकदा पेन्सिलीला. मामीचं मात्र लक्ष लागून राहिलं. चहा गाळताना मामाची धार कपाच्या काठावर पडायची. समोरून येणारं माणूस बोलेपर्यंत तो त्याला ओळखायचा नाही. जिना उतरताना शेवटची पायरी पायाने चाचपायचा. शेवटी तिने एक युक्ती केली. "माझा चष्मा बदलायचाय, सोबत चला," म्हणून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि तिथे गेल्यावर, "आता आलोच आहोत तर तुमचेही तपासून घ्या," म्हणाली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मामाचे डोळे यंत्रातून बराच वेळ बघितले आणि मग एक छापील कार्ड त्याच्या हातात दिलं. कार्डावर एक चौरस, त्यात उभ्याआडव्या रेघांनी केलेली बारीक बारीक घरं आणि मधोमध एक ठिपका.

"एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघत राहा. रेघा कशा दिसतात?"

मामा बघत राहिला. मग म्हणाला, "हे कुणी आखलंय?"

"छापील आहे, काका."

"मग छापणाऱ्याला सांगा, मधे सगळं ढेपाळलंय. या रेघा तर पाण्यात पडल्यासारख्या दिसतात. अगदीच नवशिक्याचं काम."

मामी शेजारच्या खुर्चीवर होती. तिने कार्डाकडे बघितलं. सगळ्या रेघा सरळ होत्या. तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले आणि डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरही तिच्याकडेच बघत होती.

डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाणी झिरपत होतं. त्यामुळे पडदा मधे उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. उजव्या डोळ्यात जास्त होतं, डाव्यात नुकतंच सुरू झालं होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. गेलेली नजर सगळी परत येईल असं नाही, पण आहे ती राखता येईल. "मात्र दिवस घालवू नका. पंधरा दिवसांच्या आत या," ती म्हणाली.

मामा बाहेर आला तो रागानेच. "ज्यांना चार रेघा सरळ छापता येत नाहीत, त्यांच्या हातात मी डोळा देऊ? सुई घालायला?"

"अहो, रेघा सरळ होत्या."

"तुला काय कळतंय त्यातलं? काचा पुसून नजर तयार होत नाही."

लागलं मामीला ते, पण तिने मला सांगितलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुटायच्या वेळी ती फाटकापाशी उभी होती. मी शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, मामाचं काही झालं.

"मला चौरस काढायला शिकव," ती म्हणाली. "अगदी खरा. ज्यात कुणाला चूक काढता येणार नाही असा."

तिच्या हातात नवी कोरी कंपास पेटी होती. स्टेशनरीच्या दुकानदाराने विचारलं होतं, "कितवीत आहे?" मामीने "पाचवीत" असं उत्तर दिलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं. मामीची शाळा पाचवीतच सुटली होती.

सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "मामी, मीच काढून देते ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू काढलास तर ते मान डोलावतील, 'शिकलेली पोर आहे, छान काढलाय' म्हणतील आणि उठतील. मोजणार नाहीत. मी काढला तर चूक दाखवायला म्हणून तरी मोजतील." ती थोडं थांबली. "कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही तो. स्वतःच्या हाताने मोजलं तरच पटतं."

एकतीस वर्षांचा संसार होता. मी तिला घरी यायला सांगितलं.

पुढचे सहा दिवस मामी रोज चार वाजता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. मामाला, "भाचीकडे जाऊन येते," एवढंच सांगून यायची. पहिल्या दिवशी तिने रेघ मारली ती माझ्या करंगळीएवढी जाड.

"मामी, आधी पेन्सिलीला टोक कर. रेघेलाच एवढी जाडी असली तर तिच्या कुठल्या काठापासून मोजणार?"

तिने टोक केलं. मग कंपासचा पाय ढिला निघाला. कंस काढता काढता फाकायचा आणि जिथून निघाला तिथे परत यायचाच नाही. मी दुसरा देते म्हटलं तर नको म्हणाली, सांध्यात कागदाची घडी घालून त्याला गप्प बसवला. दुकानात ढिल्या खिळ्याला ती तसंच करायची.

दुसऱ्या दिवशी ती येतानाच चौरस घेऊन आली. घरी काढला होता, गुण्या न वापरता, नुसत्या पट्टीने. चेहरा असा, की मला माझ्या वर्गातली पोरं आठवली.

"बघ. चारी बाजू दहा सेंटिमीटर."

मी मोजल्या. चारी दहा होत्या. मग पट्टी तिच्या हातात दिली. "आता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोज."

"चौदा आणि सहा रेघा."

"आता दुसरे दोन कोपरे."

तिने मोजलं. पुन्हा मोजलं. "तेरा आणि सात. असं कसं गं? बाजू तर बरोबर आहेत."

"बाजू बरोबर आहेत, पण हा उभा नाही, कलंडलाय. काड्यापेटीचं टरफल बोटाने दाबलं की कसं तिरपं होतं? बाजू तेवढ्याच राहतात, कोपरे बिघडतात. म्हणून कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच तो चौरस."

मामीने कागद तिरका धरला, मग सरळ धरला. "म्हणजे याला उभं राहायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली आणि एकदम हसली. मग हसू थांबलं. "अगं, हे तर त्यांचा दोराच की. फ्रेमला लावतात तो. मला इतकी वर्षं वाटायचं, ते काहीतरी त्यांचं खास आहे. हे पुस्तकात आहे होय?"

"सहावी-सातवीच्या पुस्तकात."

"म्हणजे एक वर्ष आणखी शाळेत गेले असते तर मलाही कळलं असतं," ती म्हणाली, आणि नवा कागद घेतला.

काटकोन काढायला तिला गुण्या द्यावा, की कंपासने शिकवावं, असा मला प्रश्न पडला होता. गुण्या सोपा, तो रेघेवर नीट बसवला की काम झालं. पण ती म्हणाली, "गुण्याच वाकडा आहे म्हणतील." म्हणून कंपास. रेघेवर एक बिंदू घ्यायचा, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावर दोन खुणा करायच्या, कंपास जरा जास्त उघडून त्या दोन्ही खुणांवरून वर कंस काढायचे, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून खाली मूळ बिंदूपर्यंत रेघ. मी हे दरवर्षी चाळीस मुलांना शिकवते. त्यातली पस्तीस फळ्यावरून उतरवून घेतात. मामीने विचारलं, "दोन्हीकडून सारखं लांब, म्हणून मधे?"

"हो."

"म्हणजे कुणाचीच बाजू न घेणारं माणूस कसं बरोब्बर मधे उभं राहतं, तसं."

वर्गात मी हे वाक्य अजून वापरते. कुणाचं ते सांगत नाही.

दिवस सरकत होते आणि डॉक्टरने दिलेल्या पंधरातले सात गेले होते. मामा दुकानात तसाच काम करत होता. मामीने तोपर्यंत माउंटची कामं, "पुठ्ठा आला नाही," असं सांगून पुढे ढकलली होती. सहाव्या दिवशी तिने माउंटचा खरा पांढरा पुठ्ठा पिशवीतून काढला. जवळजवळ दोन तास ती मान वर न करता बसली होती. पायाची रेघ, दोन्ही टोकांना लंब, त्यांच्यावर दहा-दहा सेंटिमीटर, वरची बाजू. चारही कोपऱ्यांत तिने कंपासचं टोक दाबून बारीक भोक पाडलं. मग बाजूंवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरला खुणा, आणि समोरासमोरच्या खुणा जोडत एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा. मधे ठिपका. हुबेहूब डॉक्टरच्या कार्डासारखं. काच पुसणाऱ्या हाताला एकसारखा जोर असतो. तिची एकही रेघ सुरुवातीला गडद आणि शेवटी फिकी नव्हती.

कर्ण मोजले. चौदा सेंटिमीटर, एक मिलिमीटर आणि वर केसभर. दुसराही तेवढाच. मी माझ्या पट्टीनेही मोजले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मामा खिडकीपाशी रेडिओ ऐकत बसला होता. मामीने पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला.

"हे मी काढलंय," ती म्हणाली. "बघा बरं जमलंय का."

मामाने पुठ्ठा उचलला. लांब धरला, जवळ धरला. "तूही त्या डॉक्टरच्याच शाळेतली दिसतेस. मधे सगळं पोक आलंय."

"मोजून दाखवा."

"मोजायचं काय त्यात? दिसतंय की."

"मग मोजायला काय हरकत आहे?"

त्याने खिशातून दोरा काढला. सुट्टीच्या दिवशीही खिशात दोरा असायचा. बोटाच्या टोकाने त्याने कोपऱ्यातलं भोक चाचपलं, तिथे दोरा अंगठ्याखाली दाबला, समोरच्या कोपऱ्यातलं भोक शोधून दोरा ताणला आणि नखाने खूण धरली. मग तोच दोरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर. नख बरोबर भोकावर आलं. त्याने पुन्हा केलं. मग बाजू मोजल्या, त्याच दोऱ्याने, चारी. त्याला हे सगळं डोळे मिटूनही करता आलं असतं. खरं तर त्याने ते मिटलेच होते.

"चौकट गुण्यात आहे," तो म्हणाला. "आतल्या रेघा चुकल्यात."

मामीने त्याची स्टीलची पट्टी पुढे केली. दुकान उघडलं त्या वर्षी घेतलेली, एकतीस वर्षं वापरून आकडे पुसट झालेली. मामाने ती पट्टी ठिपक्याजवळच्या एका रेघेला लावली आणि वाकून बघितलं.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"पट्टी वाकलीय," तो हळूच म्हणाला.

मामाने पट्टी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग उलट फिरवला. पुन्हा रेघेवर ठेवून बघितलं. पुन्हा अंगठा फिरवला. मामीने रेडिओ बंद केला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"शिवणकामवाल्या बाई आल्या होत्या तेव्हापासून मला वाटत होतं."

"मी त्यांना म्हटलं, तुमची भिंत वाकडी आहे."

"हो."

"आणि तुला म्हटलं..."

"ते राहू द्या," मामी म्हणाली.

मामाने हात पुढे केला, पुठ्ठ्यावर ठेवला, आणि चाचपत तिच्या हातापर्यंत नेला. तिच्या मधल्या बोटाला पेन्सिल धरून घट्टा पडला होता. त्याने तो अंगठ्याने दाबून बघितला. "किती कागद गेले?"

"सोळा."

"आणि माउंटचा पुठ्ठा?"

"हा एकच. शेवटच्याला."

त्याने मान हलवली, जसा काही हिशोब पटला. मग म्हणाला, "ती डॉक्टर उद्या असेल का?"

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मीही गेले होते. बाहेर येऊन त्याने मला सांगितलं की काहीच वाटलं नाही, आणि मामीला सांगितलं की भयंकर वाटलं. पुढे दर महिन्याला जावं लागलं. डावा डोळा सावरला. उजव्यात मधोमध एक धूसर डाग राहिला तो राहिलाच. डॉक्टरने तसं आधीच सांगितलं होतं. मामाला माणसं ओळखू येतात, जिना उतरता येतो. पुठ्ठ्यावर आखता मात्र येत नाही.

पहिलं काम त्याने स्वतःच ठरवलं. शिवणकामवाल्या बाईंच्या घरी गेला, दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "तुमची भिंत सरळ आहे," आणि फ्रेम काढून घेऊन आला. नवा माउंट मामीने आखला आणि कापला. कापताना पहिले दोन पुठ्ठे बिघडले, कारण कोपऱ्यात कटर थांबवायचा कधी हे तिला कळेना. मामा शेजारी उभा राहून सांगत होता, "हाताला जाणवतं ते. पुढे मऊ लागलं की थांब." तिसरा जमला. बाईंनी फोटो भिंतीवर लावला, मागे सरकून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मामीने मला त्या 'हं'ची नक्कल चार वेळा करून दाखवली.

आता दुकानात आखणं-कापणं मामीचं, फ्रेम जोडणं मामाचं. ते त्याला हाताने येतं. भांडणं वाढली आहेत. मामी प्रत्येक खिडकी तीनदा मोजते आणि मामाला ते सहन होत नाही. "अगं, फोटोतलं माणूस म्हातारं होईल तोवर!" म्हणतो. पण गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर त्यालाच झापतो, "थांबा जरा. आमच्याकडे मोजून काम होतं." नवीन येणारी माणसं मामीला विचारतात, "मालक कुठे आहेत?" ती पट्टीवरून डोळा न काढता म्हणते, "बसा, बोला." मामा शेजारी खिळे ठोकत राहतो.

परवा शाळा सुटल्यावर मी सहज दुकानात डोकावले. मामी टेबलाशी बसली होती, पुढे एका म्हाताऱ्या बाईंचा जुना फोटो. कुणाची तरी आजी. तिच्या नातवाला माउंटची खिडकी लंबगोल हवी होती, पूर्वीच्या फोटोंना असायची तशी.

"गोल मला येतो," मामी म्हणाली. "कंपास फिरवला की झालं. हा लांबट गोल कसा काढायचा?"

मी थोडा विचार केला. आम्ही शाळेत वर्तुळ शिकवतो. लंबगोल आमच्या पुस्तकात नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो आयुष्यात कधी नीट काढलेला नव्हता.

"मामी, मला येत नाही," मी म्हटलं.

मामीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मामा फ्रेमला खिळा मारता मारता थांबला.

"मग बघून ये," मामी म्हणाली. "गुरुवारपर्यंत हवाय."